भांडणं आणि निद्रानाश एकत्र असतील तर सुरुवात कुठून करावी?

उंबरठा (धागाकर्ता)

जोडप्यांचं समुपदेशन करणाऱ्या आणि झोपेच्या तक्रारी हाताळणाऱ्या मंडळींना हा प्रश्न आहे.

नेहमी दिसणारं चित्र असं: दोघांत वारंवार वाद, त्यातले बरेचसे रात्री. एकाची झोप कित्येक महिने बिघडलेली. चिडचिड, मधूनच रडू येणं, कामात लक्ष नाही, कशातच राम वाटत नाही. एक म्हणतो, भांडणं थांबली की झोप आपोआप येईल. दुसरा म्हणतो, आधी नीट झोप, म्हणजे भांडणंच होणार नाहीत. पाठ्यपुस्तकात दोन्हीकडे बाण काढून ‘परस्परसंबंध’ असं लिहिलेलं असतं. ते खरं आहे, पण समोर बसलेल्या दोघांना या आठवड्यात काय करायला सांगायचं, हे त्या बाणांवरून ठरत नाही.

नेमकं विचारायचंय ते असं:

१. आधी झोपेवर काम करावं की भांडणावर? हे कोणत्या नोंदींवरून ठरवता?
२. ‘राग मनात ठेवून झोपू नये, वाद मिटवूनच झोपावं’ हा सल्ला कितपत द्यावा?
३. सीबीटी-आयमध्ये (निद्रानाशासाठीच्या बोधन-वर्तन उपचारात) अंथरुणातला वेळ आखडायला सांगतात. त्यात पहिले दोन आठवडे चिडचिड वाढते. आधीच भांडणाऱ्या जोडप्यात हे करावं का?
४. कोणत्या खुणा दिसल्या की आपण थांबून डॉक्टरांकडे पाठवायचं?

---

निशाचर

क्रमाने उत्तर देत नाही, कारण पहिल्या प्रश्नाचं उत्तर नोंदींशिवाय देता येत नाही आणि नोंदी बहुतेक ठिकाणी चुकीच्या ठेवल्या जातात.

दोन आठवड्यांची झोपेची डायरी, दोघांचीही. ज्याला ‘झोपेचा त्रास आहे’ त्याची एकट्याची घेतली की तो घरातला रोगी ठरतो आणि दुसरा तपासनीस. रकाने असे: अंथरुणात किती वाजता गेलात, दिवा किती वाजता मालवला, झोप लागायला अंदाजे किती मिनिटं, मध्ये किती वेळा आणि एकूण किती मिनिटं जाग, शेवटची जाग कधी, प्रत्यक्ष उठलात कधी. शेजारी आणखी चार: त्या दिवशी वाद झाला असेल तर सुरू कधी झाला, किती वेळ चालला, तीव्रता ० ते १०, आणि शेवटचा चहा-कॉफी किंवा मद्य कधी. भरायची सकाळी, अंदाजाने. रात्री घड्याळ बघून भरलेली डायरी निरुपयोगी, कारण घड्याळ बघणं हाच निद्रानाश टिकवणारा एक भाग असतो. आणि एकमेकांची डायरी सत्राबाहेर बघायची नाही, हे पहिल्याच दिवशी कबूल करून घ्या. नाहीतर ‘बघ, तुझ्यामुळे मी चार तास झोपलो’ असा पुरावा म्हणून तीच वही पुढच्या भांडणात निघते.

आता वाचायची कशी. बहुतेक जण फक्त ‘वाद झाला, मग झोप गेली’ एवढंच शोधतात. उलटी जोडीही तपासा: वाईट रात्रीनंतरच्या दिवशी वाद किती आणि किती तीव्र? ती लोकांच्या ध्यानात येत नाही, कारण वादाचं कारण म्हणून काहीतरी विषय समोर असतोच: पैसे, सासर-माहेर, कोणी काय बोललं. झोप कमी झाली होती हे कारणांच्या यादीत येतच नाही. चौदा ओळींवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही हे मान्य, पण सुरुवात कुठून करायची एवढं ठरवायला त्या पुरतात.

उलट्या जोडीमागची यंत्रणा सांगितली तर जोडप्यांना ती पटते. २००७ मध्ये झोपेचे संशोधक वॉकर आणि सहकाऱ्यांनी एक रात्र जागवलेल्या लोकांना त्रासदायक चित्रं दाखवली. त्यांच्या मेंदूतल्या अमिग्डालाचा (भीती-रागासारख्या भावना हाताळणाऱ्या भागाचा) प्रतिसाद झोपलेल्यांपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी जास्त होता आणि त्याला आवर घालणाऱ्या पुढच्या भागाशी असलेला त्याचा दुवा ढिला पडला होता. पण जोडप्यांच्या बाबतीत मला याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. झोप कमी पडली की राग वाढण्यापेक्षाही आनंद, कुतूहल, उत्साह ओसरणं अधिक सातत्याने दिसतं. माणूस भडकतोच असं नाही, कोरा होतो. जोडीदाराने काहीतरी सांगितलं की ‘हं’ म्हणतो. समोरच्याला ते दुर्लक्ष वाटतं आणि तिथून ठिणगी पडते. २०१४ मध्ये गॉर्डन आणि चेन यांच्या अभ्यासात, दोघांपैकी एकाची जरी झोप नीट झाली नसेल तरी संघर्षाच्या वेळी समोरच्याच्या भावना ओळखण्यातली अचूकता घसरलेली दिसली. म्हणजे एकाची झोप हा दोघांचा प्रश्न आहे, आणि हे दोघांना एकत्र बसवून सांगावं.

सुलट्या जोडीत काय घडतं ते थोडक्यात: वादानंतर हृदयगती, श्वास, स्नायूंचा ताण चढलेला राहतो. झोप लागताना शरीराचं आतलं तापमान उतरायला हवं, ते रेंगाळतं. त्यावर तोच संवाद मनात पुन्हापुन्हा चालतो, आपण काय उत्तर द्यायला हवं होतं ते. आणि वाद नेहमी पलंगावरच होत असेल तर काही आठवड्यांत पलंग दिसला तरी शरीर सावध होतं. मग भांडण न झालेल्या रात्रीही झोप येत नाही. इथे ‘भांडणं थांबली की झोप येईल’ हे गृहीतक कोसळतं. स्पीलमन यांची १९८७ ची मांडणी यासाठी उपयोगी आहे: निद्रानाशाला प्रवण करणारी कारणं वेगळी, सुरू करणारी वेगळी आणि टिकवणारी वेगळी. भांडणाने सुरू झालेला निद्रानाश तीन महिन्यांनी बहुधा लवकर अंथरुणात जाणं, सकाळी लोळत राहणं, दुपारी भरपाई करणं आणि घड्याळ बघणं यांवर जगत असतो.

म्हणून माझा नियम: आठवड्यातून किमान तीन रात्री आणि तीन महिन्यांहून जास्त काळ त्रास असेल तर झोपेवर थेट काम सुरू करायचं, भांडण मिटायची वाट बघायची नाही. त्रास त्याहून नवा असेल आणि डायरीत वादाच्याच रात्री खराब दिसत असतील तर आधी वादाची वेळ आणि जागा बदलायची. वादाचा विषय नंतर.

---

सांजवारा

निशाचर यांच्याशी बव्हंशी सहमत. ‘विषय नंतर’ यावर मात्र पुढे बोलते. आधी दुसरा प्रश्न.

‘मिटवूनच झोपा’ हा सल्ला मी देत नाही. रात्री साडेअकराला दोघं थकलेली असतात, उद्या उठायचं असतं, आणि वाद मिटवायचं दडपण असल्यामुळे जो आधी दमतो तो ‘बरं बाबा, माझंच चुकलं’ म्हणून मोकळा होतो. ते मिटणं नव्हे. तीन दिवसांनी तोच विषय व्याजासकट परत येतो. पण ‘रागात झोपलं तरी चालतं’ एवढंच सांगून सोडलं तर ज्याला तो विषय महत्त्वाचा वाटतो तो टक्क जागा राहतो, कारण त्याला खात्री असते की सकाळी समोरचा काही झालंच नाही असं वागणार. म्हणून मिटवणंही नको आणि सोडणंही नको. पुढे ढकलायचं, पण लेखी.

पद्धत अशी. दोघांनी दिवसा, शांत असताना, एक ठरलेलं वाक्य निवडायचं. ‘आत्ता थांबू’ इतकं साधं चालतं. ते कोणीही म्हणू शकतं आणि म्हटल्यावर दुसऱ्याने एकही वाक्य जोडायचं नाही. शेवटचं वाक्य बोलून घ्यायची हौसच सगळं बिघडवते. मग ज्याने थांबवलं त्याने कागदावर दोनच गोष्टी लिहायच्या: विषय एका ओळीत, आरोप न करता, आणि उद्याची वेळ. ‘सुट्टीत कुठे जायचं ते, उद्या संध्याकाळी ६.३०.’ कागद दोघांना दिसेल तिथे ठेवायचा, पण झोपायच्या खोलीत नाही. दुसऱ्या दिवशी विषय काढायची जबाबदारी थांबवणाऱ्याचीच. हे कलम सुटलं की ही युक्ती म्हणजे पळवाट होते, आणि दोनदा तसं झालं की जोडीदार परत कधीही थांबायला तयार होत नाही. डायरीत ‘थांबवलं, पण दुसऱ्या दिवशी बोललो नाही’ अशी नोंद दिसली तर त्या सत्रात तेवढ्याचंच बोला.

दिवसाच्या वादातही विराम लागतो, त्याचं माप वेगळं. जोडप्यांवर संशोधन करणारे गॉटमन यांच्या कामातून आलेला ठोकताळा: नाडी मिनिटाला १०० च्या वर गेली की माणूस ऐकून घ्यायच्या स्थितीत नसतो आणि शरीर खाली यायला किमान २० मिनिटं लागतात. नाडी १५ सेकंद मोजून चारने गुणायची, यंत्र लागत नाही. या २० मिनिटांत मनातल्या मनात उलटतपासणी चालू ठेवली, किंवा दुसऱ्या खोलीतून मेसेज पाठवत राहिलं, तर नाडी उतरतच नाही. चालणं, आंघोळ, भांडी घासणं, काहीही चालेल ज्यात हात गुंततात. विराम २४ तासांपलीकडे न्यायचा नाही.

बोलायची ठरलेली वेळ: आठवड्यातून दोनदा, ३० मिनिटं, एकच विषय, झोपायच्या किमान अडीच-तीन तास आधी, आणि घरात पाऊल टाकल्या टाकल्या नाही. पोटात काहीतरी असावं. पहिली १० मिनिटं एक बोलतो, तीन-चार वाक्यांनंतर थांबतो, दुसरा ऐकलेलं आपल्या शब्दांत सांगतो, फक्त सांगतो, उत्तर देत नाही. पुढची १० उलट. शेवटच्या १० मिनिटांत एक आठवडा करून बघता येईल असा एकच छोटा निर्णय. ‘यापुढे नेहमी’ असले ठराव नकोत. आदल्या रात्री दोघांपैकी कोणी ५ तासांपेक्षा कमी झोपलं असेल तर बैठक एक दिवस पुढे, पण एकदाच.

आता असहमती. काही विषय ‘नंतर’वर टाकता येत नाहीत. नुकतंच उघड झालेलं विवाहबाह्य प्रकरण, लपवलेलं कर्ज, वेगळं होण्याचा विचार. अशा वेळी चार आठवडे झोपेच्या तक्त्यांवर बोलत बसलं तर क्लायंटला वाटतं की समोर बसलेल्या माणसाला मूळ दुखणं कळलेलंच नाही, आणि ते परत येत नाहीत. तिथे दोन्ही समांतर चालवा, झोपेला सत्रातली १५ मिनिटं द्या. नैराश्य असेल आणि नात्यातला ताण त्याला खतपाणी घालतोय असं दिसत असेल, तर जोडप्यांसाठीची वर्तनोपचार पद्धत हा मान्य उपचार आहे. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या नैराश्यावरच्या मार्गदर्शक सूचनांतही ती आहे. म्हणजे भांडणावर काम करणं हे मनोआरोग्याचंच काम आहे, झोप सुधारेपर्यंतचा टाइमपास नव्हे.

आणि एक, जे सगळ्यात आधी तपासायला हवं: ही दोघांची भांडणं आहेत की एकाची दहशत? मारहाण, धमक्या, पैसे किंवा फोन ताब्यात ठेवणं. मुद्दाम झोपू न देणं, रात्री दोन-दोनदा उठवून जाब विचारणं हाही नियंत्रणाचा प्रकार आहे आणि प्राथमिक मुलाखतीत तो ‘रात्री भांडणं होतात’ या तीन शब्दांत लपून येतो. म्हणून दोघांना वेगवेगळं किमान एकदा भेटल्याशिवाय वरचं काहीही सुरू करू नका. ‘त्याने उठवलं आणि तुम्ही बोलायला नकार दिलात तर काय होतं?’ हा एक प्रश्न पुरेसा बोलका आहे. उत्तरात भीती असेल तर संवादकौशल्य शिकवायचं नाही, सुरक्षिततेची योजना करायची. त्या घरात जागं राहणं हा आजार नसतो, ती राखण असते.

---

निशाचर

शेवटच्या परिच्छेदाबद्दल आभार, तो माझ्या प्रतिसादात पहिला असायला हवा होता.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. अंथरुणातला वेळ आखडणं ही सीबीटी-आयमधली सगळ्यात परिणामकारक आणि सगळ्यात चुकीची वापरली जाणारी पायरी आहे. उदाहरणाने सांगतो. डायरीत सरासरी अंथरुणातला वेळ रात्री १०.३० ते सकाळी ७, म्हणजे ५१० मिनिटं. प्रत्यक्ष झोप ३४०. कार्यक्षमता ३४० भागिले ५१०, म्हणजे ६७ टक्के. नेहमीच्या पद्धतीत उठायची वेळ ६.३० ला खिळवून अंथरुणात जायची वेळ १२.४५ करतात, म्हणजे अंथरुणातला वेळ जवळपास प्रत्यक्ष झोपेइतकाच. एक आठवडा कार्यक्षमता ८५ टक्क्यांच्या वर टिकली की १५ मिनिटं वाढवायची. ५ तासांच्या खाली कधीच जायचं नाही, डायरीतला आकडा कितीही कमी असो.

यातून दिवसा येणारी झोप आणि चिडचिड पहिले दोन आठवडे खरोखर वाढते. भांडणाऱ्या जोडप्यात मी ही पद्धत टाळतो आणि हळूहळू दाबायची पद्धत घेतो: ५१० आणि ३४० मधला फरक १७० मिनिटं, तो पाच आठवड्यांत विभागायचा, दर आठवड्याला साधारण ३५ मिनिटं कमी. पहिल्या आठवड्यात अंथरुणात जायची वेळ ११.०५. मधेच कार्यक्षमता ८५ ला पोचली की तिथेच थांबायचं, पाच आठवडे पुरे करायचा हट्ट नाही. परिणाम उशिरा दिसतो पण घर पेटत नाही. ज्यांचे वाद फारसे तीव्र नाहीत आणि दोघांना काय होणार याची कल्पना दिली आहे, त्यांच्यासाठी नेहमीची पद्धत चालते. तेव्हा त्या दोन आठवड्यांत बोलायच्या बैठका बंद ठेवायच्या आणि मोठे निर्णय घ्यायचे नाहीत, हे आधी ठरवा. बायपोलर (उन्माद आणि नैराश्याचे झटके येणारे), फिट्स येणारे, झोपेत चालणारे, उपचार न झालेला स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडखळणं) असणारे, गर्भवती, आणि गाडी किंवा धोक्याची यंत्रं चालवणारे यांच्यात वेळ आखडणं नको.

दुसरी पायरी, बुटझिन यांची १९७२ ची: झोप येत नसेल तर साधारण २० मिनिटांनी (अंदाजाने, घड्याळ न बघता) उठायचं, मंद उजेडात बसायचं, डोळे जड झाले की परत यायचं. एकट्या माणसात सोपं, जोडप्यात गोची होते. एक उठून गेला की दुसरा जागा होतो आणि त्याला ते रुसून जाणं वाटतं. मग ‘काय झालं?’, ‘काही नाही’, आणि पहाटे दोनला वाद. म्हणून हे उठणं म्हणजे उपचार आहे हे दोघांसमोर, दिवसा, एकदा स्पष्ट बोलून घ्या. उठणाऱ्याने काही न बोलता जायचं, राहिलेल्याने काही विचारायचं नाही. घर एका खोलीचं असेल तर कोपऱ्यातली खुर्ची चालते. अट एवढीच की ती पलंगावरची कड नसावी.

मनात चाललेल्या संवादासाठी: झोपायच्या दोन तास आधी १५ मिनिटं काळजी-वही. डावीकडे काय खुपतंय, उजवीकडे उद्या त्याबद्दल करता येईल अशी एक कृती, नसेल तर ‘कृती नाही’ असं लिहायचं. फक्त मनातली भडास लिहीत सुटलं तर काहींचं डोकं अधिकच तापतं. उजवा रकाना म्हणून महत्त्वाचा.

अवांतर: मनगटावरच्या घड्याळाचे झोपेचे आकडे सत्रात आणू देऊ नका. ती यंत्रं हालचाल आणि नाडीवरून अंदाज बांधतात, गाढ झोपेचे टप्पे सांगताना चुकतात, आणि सकाळी ‘स्कोअर ५८’ बघून माणूस दिवसभर स्वतःला थकलेला समजतो.

---

डॉ. कानमात्रा

चौथ्या प्रश्नापुरतं लिहितो.

ताबडतोब, त्याच दिवशी: आत्महत्येचे विचार, त्यातही पद्धत ठरवलेली असेल किंवा साधन हाताशी असेल. रात्री जागेपणी हे विचार जास्त धारदार होतात, म्हणून ‘सकाळी बघू’ म्हणू नये, त्या रात्री माणूस एकटा राहणार नाही याची सोय लावावी. बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यांत बाळ झोपलेलं असूनही आईला अजिबात झोप नाही आणि सोबत संभ्रम, भास, संशय किंवा विचित्र उत्साह असेल तर ही मानसोपचारातली आणीबाणी आहे. तिला घरातल्या वादाचा परिणाम समजून थांबू नका.

काही दिवसांत: झोप कमी, पण थकवाही नाही. तीन-चार तास झोपून उत्साह उतू जातोय, बोलणं सुसाट, पैसे उधळणं, नव्या योजना, किरकोळ कारणावरून स्फोट. हा निद्रानाश नव्हे, उन्मादाची सुरुवात असू शकते. इथे नुसतं नैराश्यविरोधी औषध दिलं तर बिघडू शकतं, म्हणून मागचा इतिहास सांगूनच पाठवा. तसंच नेहमीपेक्षा दोनेक तास आधी जाग, सकाळी मन सगळ्यात जड आणि संध्याकाळी थोडं हलकं, भूक आणि वजन उतरलेलं: हे नैराश्याचं गंभीर रूप.

सवडीने पण नक्की: मोठ्याने घोरणं, श्वास थांबून दचकून जाग, सकाळी डोकेदुखी, दिवसा पेंग. स्लीप अ‍ॅप्नियात तासाला ५ किंवा अधिक वेळा श्वास थांबतो वा मंदावतो, ३० च्या वर गेलं की तीव्र. अशा माणसाचा चिडखोरपणा आणि कामेच्छा कमी होणं याचं खापर वर्षानुवर्षं नात्यावर फुटतं. निदान करताना सगळ्यात उपयोगी साक्षीदार जोडीदारच असतो, त्यामुळे हा इतिहास दोघांसमोर घ्या. संध्याकाळी पाय हलवल्याशिवाय राहवत नसेल तर रेस्टलेस लेग्ज असू शकतं. रक्तातलं फेरिटिन (लोहाचा साठा) तपासतात, आणि अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्या आणि काही नैराश्यविरोधी औषधं तो त्रास वाढवतात. थायरॉइडही बघून घ्यावा.

मोजमापाबद्दल. निद्रानाशासाठी आयएसआय ही प्रश्नावली: सात प्रश्न, ० ते २८, १५ पासून पुढे मध्यम किंवा तीव्र. ६ गुणांची घट अर्थपूर्ण धरतात. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली: ० ते २७, १० पासून पुढे नीट तपासणी. यात एक मेख आहे. पीएचक्यू-९ चा तिसरा प्रश्न झोपेचा आणि चौथा थकव्याचा, म्हणजे निव्वळ निद्रानाश असलेल्याचेही सहा गुण तिथेच होऊ शकतात. एकूण बेरीज बघण्याआधी पहिले दोन (रस न वाटणं, खिन्नता) आणि नववा (स्वतःला इजा) बघा.

गोळ्या. २०१६ पासून अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सची शिफारस अशी की प्रौढांच्या दीर्घकालीन निद्रानाशात आधी सीबीटी-आय, औषध त्यानंतर आणि थोड्या काळासाठी. बेन्झोडायझेपिन गटातली (झोपेची किंवा शामक) गोळी महिनोन्‌महिने चालू असेल तर क्लायंटला ती एकदम थांबवायला सांगू नका, फिट येऊ शकते. डॉक्टर ती टप्प्याटप्प्याने उतरवतील. तीच गोळी मद्यासोबत घेतली की श्वास दबतो, आणि काहींचा रागावरचा ताबाही सुटतो. ‘झोपेसाठी थोडीशी घेतो’ म्हणणाऱ्यांना सांगा की मद्याने झोप लवकर लागते पण रात्रीचा दुसरा अर्धा भाग तुटक होतो. एसएसआरआय (नैराश्यविरोधी औषधांचा एक गट) सुरू केल्यावर झोप उडाली असेल तर औषध सोडू नये, वेळ सकाळची करता येते का ते विचारावं.

---

उंबरठा

खूप नेमकं मिळालं, धन्यवाद. दोन पुरवणी प्रश्न. घोरण्यामुळे किंवा वेळा जुळत नसल्यामुळे वेगळं झोपण्याचा पर्याय आला की एकाला ते नातं संपल्यासारखं वाटतं. कसं मांडता? आणि लहान बाळ असेल तर वरचं वेळापत्रक कसं जमवायचं?

---

सांजवारा

वेगळं झोपणं औषध आहे की शिक्षा, हे निर्णय कधी घेतला त्यावर ठरतं. रात्री बाराला उशी उचलून बाहेर जाणं ही शिक्षा. दिवसा बसून, ‘तीन आठवडे, आठवड्यातल्या चार रात्री, मग पुन्हा बघू’ असं ठरवणं हे औषध. मुदत आणि रात्रींची संख्या लिहून ठेवा. झोपण्याआधीची १५-२० मिनिटं एकत्र घालवायची, त्यात वादाचे विषय बंद. घोरणाऱ्याला मात्र आधी डॉक्टरांकडे पाठवा, नाहीतर श्वास थांबल्याचं बघणारं माणूसच खोलीतून निघून जातं.

वेळा जुळत नसतील (एक लवकर निजणारा, एक उशिरा), तर एकत्र झोपायचा हट्ट सोडायला सांगते. लवकर निजणाऱ्याच्या वेळेला दोघं थोडा वेळ सोबत पडतात, मग दुसरा उठून आपल्या कामाला लागतो. एकच नियम कडक: झोपलेल्याला बोलण्यासाठी उठवायचं नाही.

---

निशाचर

बाळ असताना आखडणं, दाबणं सगळं बाजूला ठेवा. तिथे झोप येत नाही हा प्रश्न नसतो, मिळत नाही हा असतो. रात्र दोन पाळ्यांत वाटा, जेणेकरून प्रत्येकाला सलग चार-पाच तास मिळतील. उदाहरणार्थ एक रात्री ९ ते २ झोपतो, दुसरा २ ते ७. दोघांनी प्रत्येक वेळी एकत्र उठणं दिसायला समजूतदार दिसतं, पण त्यात दोघांचीही झोप तुकड्यातुकड्यांची होते. अंगावर पाजत असेल तर दूध काढून ठेवता येतं का बघा. नसेल तर दुसऱ्याने बाळ आणून द्यायचं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं, परत निजवणं त्याच्याकडे. पाळी कोणाची यावर रात्री चर्चा करायची नाही, तक्ता संध्याकाळी भिंतीवर लागलेला हवा. बाळ झोपूनही आईला झोप लागत नसेल तर वर डॉक्टरांनी लिहिलेलं पुन्हा वाचा.